माझ्या तोंडाला फासलेले रंग

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला माणसांच्या बोटांची किळस येते. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की त्यांचा गळा दाटून येतो, हे मला ठाऊक आहे. माझा येत नाही. माझ्या कळफलकात सुपारीचे तुकडे आणि बिस्किटाचा चुरा अडकलेला आहे, कुणाचे तरी कुरतडलेले नखही आहे, आणि एंटरचे बटण पानाच्या रंगाने लाल झाले आहे. अशा अवस्थेत हळवे व्हायला फार मोठे मन लागते. ते मला कंपनीने दिले नाही. पण तुम्ही लहान आहात, उद्या तुम्हीही एखाद्या संगणकापुढे बसाल, म्हणून सांगतो.

सध्या माझा मुक्काम ताडकळसला, दिनकररावांच्या ऑनलाइन सेवा केंद्रात आहे. केंद्र म्हणजे एक पत्र्याचे दुकान. डाव्या हाताला पंक्चरवाला, उजव्या हाताला भज्याची कढई. त्या कढईचा धूर दिवसभर माझ्या पंख्यातून आत येतो आणि आतच राहतो. माझे पोट उघडून पाहिलेत तर तुम्हाला जेवण जाणार नाही.

माझे आयुष्य मात्र स्वच्छ सुरू झाले होते. मानवतला कापसाच्या एका जिनिंगच्या कचेरीत माझा खोका उघडला, तेव्हा माझ्या अंगाला नव्या प्लास्टिकचा वास होता आणि पडद्यावर एका शांत तळ्याचे चित्र होते. ते तळे दोन दिवससुद्धा टिकले नाही. तिथले कारकून रंगनाथ यांना कुणीतरी सांगितले की संगणकाचे रूप आपल्या आवडीप्रमाणे बदलता येते. मागचे चित्र बदलता येते, खिडक्यांचा रंग, अक्षरांचा आकार, माऊसचा बाणसुद्धा. झाले! रंगनाथांनी तळ्याच्या जागी गुलाब आणले, त्यांच्या पाकळ्या वरून खाली गळत राहतील अशी सोय केली, खिडक्या गुलाबी केल्या, त्यावर पिवळी अक्षरे ठेवली आणि बाणाचे फुलपाखरू केले. पाठीत सरकीचा कचरा, तोंडावर गळणारे गुलाब! पिवळे आकडे कुणालाच धड वाचता येत नव्हते. तरी येणारा जाणारा म्हणायचा, "काय सजवलंय राव!" मला तेव्हाच कळले की माझ्या तोंडाकडे बघणारे पुष्कळ असतात, पण माझ्यावर काम कोण करते याचा विचार कुणी करत नाही.

जिनिंगमध्ये नवे संगणक आले आणि मला दिनकररावांनी विकत आणले. दिनकरराव तसे वाईट नाहीत. गोड बोलतात, गिऱ्हाइकाला पाणी विचारतात. कुणाला दुखवणे त्यांना जमत नाही आणि याचा त्यांना अभिमान आहे. त्यांच्या आई, धुरपताबाई, दसऱ्याला माझी पूजा करतात. आवाजाच्या भोकांत झेंडू खोचतात आणि पडद्याच्या काचेवर हळदीकुंकवाचा ठसठशीत टिळा लावतात. माणसे म्हणतात हा मान आहे. असेल. पण तो टिळा पुसायचा कुणी? धूळ बसून बसून त्याचा खरूज धरल्यासारखा डाग झाला होता.

तो डाग पुसला धम्मशीलाताईंनी.

धम्मशीलाताई ऑपरेटर म्हणून कामाला लागल्या, तेव्हा त्यांची मुलगी संघप्रिया परभणीला शिकत होती आणि घर त्यांच्याच पगारावर होते. पहिल्या दिवशी आल्या आल्या त्यांनी माझा कळफलक उलटा धरून झटकला, ओल्या फडक्याने काच पुसली, पंख्यावरची जळमटे काढली. मग त्या बसल्या आणि मी त्यांचे डोळे पाहिले. माझ्या कपाळावर कॅमेरा आहे, त्यामुळे मला सगळे दिसते. लहानपणीच्या आजारात त्यांच्या उजव्या डोळ्यात फूल पडले होते. सगळा भार डाव्या डोळ्यावर, आणि त्या डोळ्याला प्रखर उजेड सोसत नव्हता. पांढऱ्या पडद्यापुढे जरा वेळ बसल्या की डोळ्यातून पाणी गळायचे आणि अक्षरांच्या ओळी एकमेकींत मिसळायच्या. पण यावरचा उपाय त्यांना ठाऊक होता. त्यांनी सेटिंग उघडले, मानवतहून माझ्यासोबत आलेले गुलाब कायमचे पुसून टाकले, मागचा रंग काळा केला, खिडक्याही काळ्या केल्या आणि अक्षरे मोठी, फिकट पिवळी ठेवली.

मित्रांनो, मला खरोखर बरे वाटले. उन्हातून सावलीत बसवल्यासारखे. आणि ताईंची बोटे अशी सफाईने चालू लागली की त्या दिवशीची सगळी गर्दी दुपारच्या आत निघून गेली.

दुपारी धुरपताबाई मुलाचा डबा घेऊन आल्या. माझ्याकडे बघून त्या दारातच थांबल्या.

"आगं बाई! दुकानाचं तोंड काळं कामून केलंय?"

"आजी, माझ्या डोळ्याला बरं पडतं," ताई म्हणाल्या.

"पडत असंल माय. पण धंद्याच्या जागी काळं नको. दिन्या, बदल ते."

दिनकररावांना आईलाही दुखवायचे नव्हते आणि ताईंनाही. ते ताईंच्या खुर्चीमागून वाकले, रंगांची पाटी बघितली आणि स्वतः माऊस धरून गडद निळ्यावर बोट दाबले. "हा घ्या, ताई. हाबी गडदच हाय. शाळंतल्या दौतीत अशीच शाई व्हती आमच्या."

ताईंनी डोळे मिचकावून पाहिले. "चालतंय, काका. सोसतोय हा."

धुरपताबाईंचेही समाधान झाले. ते बोट तेवढे ध्यानात ठेवा, मित्रांनो. दिनकररावांचे होते, अंगठीचे.

पुढचे काही महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले गेले. शाईच्या रंगावर फिकट पिवळी अक्षरे, समोर स्वच्छ हात. लोक लांबून लांबून यायचे आणि म्हणायचे, बाईंच्या हातचे काम परत येत नाही. कौतुक म्हणतात ते हे असे असते, हे मला तेव्हा कळले.

मग एका बाजाराच्या दिवशी भगवानराव आले. बडी असामी, पांढरेशुभ्र कपडे, कानामागे अत्तराचा बोळा. नंबर लागेपर्यंत ते बाकावर बसले, माझ्याकडे बघितले, मग ताईंकडे बघितले, आणि हसले.

"काय दिनकरराव, दुकान निळं कव्हापासून झालं?"

म्हटले तर थट्टा. पण बाकावरचे सगळे माझ्याकडे बघू लागले, मग ताईंकडे. इतके महिने जो रंग दौतीतल्या शाईचा होता, तो एका वाक्यात झेंड्याचा झाला, वस्तीचा झाला, जातीचा झाला. मी वाट बघत होतो. आता दिनकरराव म्हणतील, अहो, तो मीच निवडला. एवढेच तर म्हणायचे होते.

दिनकरराव हसले आणि म्हणाले, "ते ऑपरेटर बाईनं लावलंय. त्यांच्या आवडीचं."

ताईंची बोटे थांबली. त्यांनी वळून दिनकररावांकडे पाहिले. दिनकररावांनी टेबलाचा खण उघडला आणि त्यात काहीतरी शोधू लागले. त्या खणात एक स्टेपलर आणि मेलेले झुरळ याशिवाय काही नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. ताईंनी पुढचे नाव विचारले.

सुपारीची, पिंकेची, कढईच्या धुराची किळस मी सोसली. पण त्या गोड हसण्याची जी किळस मला आली, ती आजही गेलेली नाही.

त्यानंतर माझ्या तोंडाची जी दुर्दशा झाली ती सांगतानाही लाज वाटते. दिनकररावांचा पुतण्या माऊली, चांगला बाप्या माणूस, पण सगळी अक्कल मोबाइलमध्ये, त्याने ताई जेवायला गेलेल्या पाहून माझे रूप भगवे केले. नुसते भगवे नाही, डोळे दिपवणारे भगवे. बाणाच्या जागी पेटती मशाल आणली, आणि प्रत्येक क्लिकला घंटा वाजेल अशी व्यवस्था केली. मध्यभागी देवाचा भला मोठा फोटो. देवाशी माझे भांडण नाही, तो मला पूज्यच आहे. पण फोटो लावताना माऊलीने हे पाहिले नाही की माझी कचऱ्याची टोपली नेमकी देवाच्या पायांवर आली. बाजारातल्या एका म्हाताऱ्याने ते पाहिले आणि दुकानात एकच गलका झाला. माऊलीने टोपली सरकवली. ती परत जागेवर आली. त्याने पुन्हा सरकवली, ती पुन्हा आली. शेवटी रागाच्या भरात त्याने पडद्यावरची सगळीच चिन्हे पुसून टाकली आणि मग दुपारभर कुणाचेच काम होईना.

फोटो काढला, भगवा राहिला. दोन दिवसांनी ताईंचा चुलत दीर सिद्धोधन आला. तो तापलेलाच होता.

"वहिनी, तुमी ह्या रंगापुढं बसायलाव? वस्तीतले लोक काय म्हणायलेत म्हाईत हाय का?"

"मला ह्या रंगापुढं दिसतच न्हाई, भाऊजी, तर बसायचं काय घेऊन बसलाव," ताई म्हणाल्या.

मला वाटले, हा तरी आपल्या वहिनीचे ऐकेल. छे! त्याने मोबाइल जोडला आणि निळ्या झेंड्याचे एक लखलखीत चित्र माझ्यावर उतरवले. झेंडाही मला पूज्यच. पण त्याच्याभोवती लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा होत्या, आणि त्या माळांपुढे बसून ताईंनी कुणाचे कागद कसे भरायचे? ताईंचा डोळा भगव्यापुढे जसा गळत होता तसाच या माळांपुढेही गळू लागला. संध्याकाळी माऊलीने तो रंग बदलला. सकाळी दुसऱ्या कुणी बदलला. माझे तोंड म्हणजे रंगपंचमीची भिंत झाली. आणि जिच्यावरून एवढे चालले होते, तिला दोन्हीकडच्या एकानेही विचारले नाही की ताई, तुम्हाला कशात दिसते.

अखेर दिनकररावांनी त्यांच्या मते मोठा शहाणपणाचा तोडगा काढला. "पांढरा करून टाका. पांढरा कुणाचाच न्हाई." माऊलीने मला पांढराफटक केला आणि सेटिंगला कुलूप घातले. त्याचा पासवर्ड फक्त चुलत्याला सांगितला.

"काका, मला पांढरं सोसत न्हाई," ताई म्हणाल्या. "तुमाला म्हाईत हाय."

"थोडे दिवस, ताई. लोक जरा थंड होऊ द्या."

लोक त्याच दिवशी थंड झाले. कुणाचाच नसलेला पांढरा रंग सगळ्यांना आवडला, कारण सगळ्यांचे डोळे चांगले होते. ताई काळा चष्मा लावून बसू लागल्या. बाकावरचे रिकामटेकडे म्हणायचे, हिरोईन आली. चष्म्याखालून पाणी गालावर यायचे, ते त्या ओढणीने टिपायच्या आणि पुन्हा वाकून माझ्यात बघायच्या. इतक्या जवळून, की त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटायचा. मी माझा उजेड कमी करू शकत नव्हतो. मी बोलू शकत नव्हतो. मी फक्त पांढरा होतो.

पीकविम्याची घाई सुरू झाली. बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आश्रुबा नावाचे एक शेतकरी आपली मुलगी अपेक्षा हिला घेऊन आले होते. ताईंनी त्यांचा अर्ज भरला, पावती काढून दिली. बापलेक बाहेर गेले आणि जरा वेळाने आश्रुबा गर्दीतून वाट काढत परत आले. पावती हातात फडफडत होती.

"बाई, हे काय करून ठिवलंय? माझी समदी कपाशी हाय. तुरीची एक काडी न्हाई वावरात. अन् पोरगी म्हणायली पावतीवर तूर हाय!"

यादीत कापसाखालीच तूर होती. दोन्ही ओळी त्या पांढऱ्या झगमगाटात एक झाल्या होत्या. ताईंचा चेहरा उतरला. "चुकलं मामा. लगेच दुरुस्त करून देते. मुदत हाय अजून."

चूक सुधारण्यासारखी होती. आश्रुबांचा रागही खोटा नव्हता, बिचाऱ्यांचे वर्षभराचे पीक होते. पण गर्दीला निमित्त मिळाले. भगवानराव आजही बाकावर होतेच. ते म्हणाले, अशाने गोरगरिबांचे वाटोळे होईल. माऊली म्हणाला, "काका, मी पहिल्यापासून सांगायलोय, ह्यायला दिसत न्हाई म्हणून." कुणीतरी मागून हसले.

दिनकररावांनी घसा साफ केला. "ताई, हे विम्याचं काम लय जोखमीचं हाय. तुमच्या डोळ्याला झेपायलं न्हाई. उद्यापासून... राहू द्या तुमी."

ताईंनी चष्मा काढला. डोळा रक्तासारखा लाल होता. त्यांनी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली पिशवी उचलली. त्यांच्या मनात संघप्रियाचे शिक्षण आले असणार.

डबा घेऊन आलेल्या धुरपताबाई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आगं माय, डोळ्याला काय झालं तुह्या?"

"पांढरं सोसत न्हाई, आजी. निळं सोसत व्हतं."

"मंग निळं काढलं कामून?"

भगवानरावांनी सांगितले, "मावशी, बाईनं आपल्या मनानं लावलं व्हतं ते. लोकायला खटकायलं व्हतं."

"कोण्या बाईनं?" धुरपताबाई उठून उभ्या राहिल्या. "म्या व्हते की तव्हा. तिनं काळं केलं व्हतं. म्या म्हणले काळं नको. तर ह्यानं, ह्या माझ्या पोरानं, आपल्या हातानं निळं केलं. शाईवानी हाय म्हणला. दिन्या, बोल की."

दिनकररावांचा हात खणाकडे गेला.

"खण नको उघडू. बोल. निळा कुणी लावला?"

भज्याची कढई तेवढी चुरचुरत होती. दिनकरराव खाली बघून म्हणाले, "मीच."

"मोठ्यानं."

"मीच लावला व्हता. बाईनं न्हाई."

भगवानरावांनी कानामागचा अत्तराचा बोळा उगाच चाचपला. दिनकरराव ताईंकडे वळले. "बसा, ताई. करतो पुन्हा निळा."

"न्हाई, काका," ताई म्हणाल्या. पिशवी अजून खांद्यावरच होती. "तुमच्या निळ्याचं खापर म्या लय दिवस डोक्यावर वागवलं. आता मला माझं पहिलंच द्या. काळा करा. तुमच्या हातानं."

दिनकररावांनी चोरट्यासारखे आईकडे पाहिले. धंद्याच्या जागी काळे नको म्हणणारी तीच बाई होती.

"तिच्याकडं बघ, माझ्याकडं काय बघायलास?" धुरपताबाई म्हणाल्या. "तोंड काळं व्हायचं ते होऊन गेलं, दिन्या. कर आता."

दिनकरराव खुर्चीत बसले. घाम इतका की माऊस बोटांतून निसटत होता. पासवर्ड चुकला, पुन्हा चुकला, मग लागला. ताई मागे उभ्या राहून सांगत होत्या, इथे दाबा, आता अक्षरे मोठी करा, आता पिवळा घ्या, त्याहून फिकट. सगळी गर्दी बघत होती. तेच अंगठीचे बोट होते. मी हळूहळू काळा झालो आणि माझ्या पोटातला पंखासुद्धा शांत चालू लागला असे मला वाटले.

ताईंनी पिशवी परत खुर्चीला अडकवली. आश्रुबा अजून पावती धरून उभे होते. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. "आता दिसायलं का, माय?"

"दिसायलं, मामा. कापूसच ना?"

"कापूसच."

मित्रांनो, तेव्हापासून मी काळाच आहे. माणसे सुधारली असे समजू नका. दिनकररावांनी अजून ताईंची माफी मागितलेली नाही. त्याऐवजी मला फुलाफुलांचे एक झाकण आणले आहे, ते मला मुळीच आवडत नाही. कढईचा धूर तसाच येतो. काळ्या पडद्याचा एक गुण मात्र मला उशिरा कळला. समोर उभ्या राहणाऱ्याला त्यात स्वतःचे तोंड दिसते. भगवानराव हल्ली बाकाच्या पार टोकाला बसतात, जिथून माझ्यात काही दिसत नाही. माऊलीला यातले काहीच कळलेले नाही. तो रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहून भांग पाडतो आणि त्याचे केस कळफलकात पडतात.

तुम्हाला एवढेच सांगणे आहे. संगणकाला हवे तसे सजवा, पण हात धुऊन बसा. आणि रंग लावण्याआधी, त्या पडद्यापुढे दिवसभर कोण बसणार आहे, ते पाहून त्याला विचारा. आपल्याला काय आवडते ते त्यानंतर.

परवा बाजारात झरी गावाहून कुणी नवा माणूस आला होता. नंबर आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले, ताईंकडे पाहिले आणि जरा वाकून, ओळखीचे हसू हसत विचारले, "काळा रंग? हा कुणाचा म्हणायचा, बाई?"

मला वाटले, आले परत सगळे. दिनकररावांचा हात खणाकडे गेलेला मी पाहिला.

ताईंनी मानही वर केली नाही. "माझ्या डोळ्याचा," त्या म्हणाल्या. "नाव सांगा."